फ्रीजच्या दाराचं रबर: खराब झालंय का ओळखायचं कसं, घरी बदलायचं कसं

मागच्या जूनमध्ये आमच्या पुण्यातल्या धनकवडीच्या घरी चार दिवसांत दोनदा दूध नासलं. पहिल्यांदा वाटलं, पिशवीच शिळी आली असेल. दुसऱ्यांदा मात्र रात्री नीट तापवून, गार करून आत ठेवलेलं दूध दुपारी चहाला घेतलं आणि फाटलं. फ्रीज चालू होता, आतला दिवा लागत होता, फ्रीझरमध्ये तर इतका बर्फ धरला होता की ट्रे ओढून निघेना. बोलावलेल्या मेकॅनिकने मागच्या बाजूला हात लावून पाहिला, ‘गॅस गेलाय’ म्हणाला आणि साडेतीन हजारांचा खर्च सांगून गेला. दाराच्या रबराकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

सासूबाई भाजी निवडायला फ्रीजशेजारी पाटावर बसतात. त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, “दार लावलेलं असतं तरी माझ्या गुडघ्याला गार लागतं गं.” तिथे मला पहिल्यांदा दुवा लागला. गार हवा जड असते, ती खालच्या फटीतून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला वरून स्वयंपाकघरातली गरम, दमट हवा आत शिरते. त्या हवेतलं बाष्प फ्रीझरवर जाऊन गोठतं, म्हणून बर्फाचे थर चढतात. गॅस पूर्ण गेला असता तर बर्फ धरलाच नसता, आणि थोडा कमी झाला असता तर सहसा एखाद्या कोपऱ्यातच धरला असता. आमच्याकडे चहूबाजूंनी धरला होता.

शेवटी ५५० रुपयांचं रबर आणलं आणि दीड तासात ते बसलं. पुण्यात नव्याने घर मांडणारी, सेकंडहँड फ्रीज घेणारी बरीच मंडळी ओळखीची आहेत. त्यांना हेच पुन्हा पुन्हा सांगते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

१. लक्षणं पाहा, पण एका लक्षणावर निकाल देऊ नका

रबर सैल झालं की साधारण हे दिसतं: कॉम्प्रेसर बंद व्हायचं नाव घेत नाही, फ्रीझरमध्ये बर्फ पूर्वीपेक्षा लवकर साठतो, दाराच्या कडेला पाण्याचे थेंब येतात, दाराच्या कप्प्यातल्या वस्तू पुरेशा गार होत नाहीत. आमच्या सिंगल डोअर फ्रीजचं डीफ्रॉस्टचं बटण पूर्वी पंधरा दिवसांनी दाबावं लागायचं, ते चौथ्या दिवसावर आलं होतं.

याच लक्षणांची दुसरी कारणंही असतात, ती आधी बाजूला काढा. एप्रिल-मे महिन्यांत कॉम्प्रेसर जास्त वेळ चालणारच. जुलै-ऑगस्टच्या झडीत बाहेरच्या पत्र्यावर थोडा घाम येणं नेहमीचं आहे. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचत असेल तर पाणी निघून जाण्याचं भोक तुंबल्याची शक्यता मोठी; तिथे रबर बदलून काही होणार नाही. आणि आतला दिवा दार लावल्यावर विझतो का, तेही बघा. दाराजवळचं बटण बोटाने दाबलं की दिवा गेला पाहिजे. तो आत जळत राहिला तर तिथली उष्णता फ्रीजलाच ओढावी लागते.

दाराच्या चौकटीचा पत्रा किंवा फ्रीजच्या दोन्ही बाजू कोमट लागतात म्हणून घाबरू नका. बऱ्याच फ्रीजमध्ये गरम नळी मुद्दाम तिथून फिरवलेली असते, घाम येऊ नये म्हणून. ही नळी लक्षात ठेवा, पुढे तिचा एक मोठा धोका सांगायचा आहे.

२. नोटेची परीक्षा

दहाची नोट घ्या. अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि हळूच ओढा. रबर चांगलं असेल तर नोट घसटत, अडत बाहेर येते. एका जागी बघून थांबू नका. दाराच्या चारही बाजूंनी वीत-वीत अंतरावर हेच करा आणि जिथे नोट सैल निघेल तिथे पत्र्यावर सेलोटेपचा छोटा तुकडा लावा. बिजागरीच्या बाजूला नोट घालायला अवघड जातं, पण तीच बाजू सोडू नका. आमच्याकडे वरची आणि हँडलची बाजू ठणठणीत होती. बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात मात्र दीड वीतभर नोट अशी निघाली, जशी पुस्तकातून खूण काढावी. हाताला काही लागलंच नाही.

दुसरी परीक्षा बॅटरीची. रात्री स्वयंपाकघरातले सगळे दिवे घालवा, छोटी बॅटरी लावून दाराच्या दिशेने तोंड करून आत ठेवा, दार लावा आणि खाली वाकून कोपरे बघा. आम्हाला खालच्या कोपऱ्यात दोऱ्याएवढी उजेडाची रेघ दिसली. उजेड दिसला नाही म्हणून रबर चांगलंच आहे असं मात्र समजू नका. रबर टेकलेलं असतं पण चिकटून बसलेलं नसतं, अशी ढिलाई नोटच दाखवते.

तिसरी अगदी सोपी: दार उघडा, लावा, दहापर्यंत मोजा आणि लगेच पुन्हा उघडा. आत शिरलेली हवा थंड होऊन आकसते, त्यामुळे चांगल्या रबराचं दार त्या क्षणी जरा हट्टाने उघडतं. सेकंडहँड फ्रीज बघायला जाल तेव्हा तो चालू करून गार झालेला असू द्या, असं आधीच सांगून ठेवा. मग ही परीक्षा आणि नोट, दोन मिनिटांत होतात.

स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला रात्रभर ठेवून सकाळी तापमान मोजा. ४ अंशांच्या आसपास किंवा खाली हवं. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो इतकं खालचं तापमान दाखवतच नाही.

३. नवं रबर आणण्याआधी हे करून बघा

खरं सांगते, निम्म्या वेळा रबर बदलायची गरजच नसते. माझ्या बहिणीच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये नुसत्या साफसफाईने काम झालं.

रबराच्या घड्या बोटाने उघडून बघा. आत काळी बुरशी, आमटीचे ओघळ, साखरेचा चिकटा, लोणच्याचं तेल, काय काय साठलेलं असतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, जुन्या टूथब्रशने घडीघडीतून फिरवा, ओल्या फडक्याने पुसा आणि सुकं करा. रबर जिथे टेकतं तो पत्राही पुसायचा. तिथला वाळलेला थेंबसुद्धा फट ठेवतो. थिनर, रॉकेल, ब्लीच यातलं काही लावू नका, रबर कडक होतं. आणि सुरीने खरवडू नका.

मग लेव्हल. आपल्याकडे फ्रीज प्लॅस्टिकच्या स्टँडवर ठेवायची पद्धत आहे. स्टँडचा एक पाय हलत असेल, किंवा फरशीला मोरीकडे उतार असेल, तर चौकट किंचित पिळते आणि दार एका कोपऱ्यात बसत नाही. फ्रीजची पुढची बाजू मागच्यापेक्षा अगदी थोडी उंच हवी. दार अर्धं उघडून सोडा, ते आपोआप सावकाश मिटलं पाहिजे. पुढचे पाय फिरवून उंची कमी-जास्त करता येते.

तिसरी गोष्ट म्हणजे बिजागरी. दाराच्या खालच्या कप्प्यात दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने ठेवल्या की दार हळूहळू खाली ओघळतं. दाराची वरची कड फ्रीजच्या वरच्या कडेशी समांतर दिसते का, समोरून बघा. दिसत नसेल तर बिजागरीचे स्क्रू आवळा, बाटल्या आतल्या कप्प्यात हलवा आणि पुन्हा नोट लावून बघा.

एखाद्या जागी रबर नुसतं चेपलेलं असेल, फाटलेलं नसेल, तर हेअर ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून वीतभर अंतरावरून फिरवत राहा. रबर मऊ झालं की बोटांनी बाहेर ओढून आकार द्या आणि दार लावून ठेवा. एकाच जागी ड्रायर धरू नका, रबर वितळतं.

हे सगळं करूनही नोट सैल निघत असेल, रबराला चीर गेली असेल, दाबल्यावर ते परत फुगत नसेल किंवा आतली चुंबकाची पट्टी तुटली असेल, तर मात्र नवं आणा.

४. तुमचं रबर कोणत्या पद्धतीचं आहे

खरेदीला निघण्याआधी दार उघडून रबराची आतली कड, म्हणजे दाराच्या पांढऱ्या प्लॅस्टिकला चिकटलेली बाजू, बोटाने उचला.

खाली स्क्रू दिसले नाहीत आणि रबराची कड एका खाचेत रुतलेली दिसली, तर ते खाचेत दाबून बसवायचं रबर. अलीकडच्या बऱ्याच फ्रीजना हेच असतं, आणि नवशिक्यासाठी हेच सोपं.

कडेखाली ओळीने स्क्रू दिसले तर ते स्क्रूचं रबर, जुन्या फ्रीजमध्ये जास्त आढळतं. तेच स्क्रू बहुतेक वेळा दाराचं आतलं प्लॅस्टिकही धरून ठेवतात, म्हणून त्याची पद्धत वेगळी आहे. ती खाली सांगते.

कड उचलतच नसेल, प्लॅस्टिकच्या आत गेलेली असेल, तर ओढाताण करू नका. काही मॉडेलमध्ये रबर दारातच पक्कं बसवलेलं असतं. अशा वेळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारणंच बरं.

५. माप आणि खरेदी

मॉडेल नंबरचं स्टिकर फ्रीजच्या आत बाजूच्या भिंतीवर, भाजीच्या ड्रॉवरजवळ किंवा मागच्या बाजूला असतं. त्याचा स्पष्ट फोटो काढा. ‘१९० लिटरचा, सिंगल डोअर’ एवढ्याने दुकानदाराला काही कळत नाही. एकाच कंपनीच्या एकाच लिटरच्या दोन फ्रीजचं रबर वेगळं निघू शकतं.

माप सेंटिमीटरमध्ये घ्या. रबराची बाहेरची लांबी आणि रुंदी, शिवाय खाचेचं रबर असेल तर एका खाचेच्या मध्यापासून समोरच्या खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर. वरचं आणि खालचं, दोन्ही मापं वेगवेगळी घ्या. मग एका कोपऱ्यात रबर दोन बोटं बाहेर ओढून त्याच्या कडेचा जवळून फोटो काढा. खाचेत रुतणारा भाग बाणासारखा आहे की सपाट, घड्या किती, हे त्या फोटोवरून कळतं. मापाइतकंच हे महत्त्वाचं आहे. डबल डोअर असेल तर कोणत्या दाराचं हवंय ते लिहून न्या.

पहिला फोन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला करा. वॉरंटी कार्डही वाचा. दहा वर्षांची वॉरंटी म्हणून ज्याची जाहिरात असते ती बहुतेक कॉम्प्रेसरपुरती असते, रबर त्यात धरलेलं नसतं. तिथे मिळालं नाही तर बुधवार पेठेत जा. तपकीर गल्ली विजेच्या सामानासाठी सगळ्या पुण्याला माहीत आहे. मी तिथूनच चौकशीला सुरुवात केली आणि तिसऱ्या दुकानातल्या काकांनी स्पेअर पार्टवाल्याचा पत्ता दिला. गाडी नेऊ नका, पेठेत लावायला जागा मिळत नाही. स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतरून चालत जाणं सोयीचं पडतं. तयार रबर नसेल तर मापाप्रमाणे पट्ट्या कापून, कोपरे गरम करून जोडून देणारेही असतात. तसं करून घेतलंत तर दुकानातच चारही कोपऱ्यांचे जोड बोटाने ताणून बघा. फट असेल तर तिथेच परत द्या.

आणताना रबर मोठ्या वळशात गुंडाळा. दुचाकीच्या हँडलला लटकवून आणलंत तर जी घडी पडते ती काढता काढता जीव जातो.

६. काय काय लागेल

नवं रबर, मेजरिंग टेप, स्टार स्क्रू ड्रायव्हर, पसरट टब, दोन सुकी फडकी, जुना टूथब्रश, भांडी घासायचं लिक्विड, हेअर ड्रायर, चिकटपट्टी, थोडं व्हॅसलीन. खाच दाबायला लाकडी उलथन्याचा दांडा उत्तम; स्क्रू ड्रायव्हरने दाबलंत तर रबर चिरतं. पाण्याची तजवीज आदल्या दिवशी करा. आमच्याकडे गुरुवारी नळाला पाणी नसतं आणि नेमकं त्याच दिवशी काम काढलं तर टब भरायलाही पाणी पुरत नाही.

७. प्रत्यक्ष बदलताना

आदल्या रात्री फ्रीझर डीफ्रॉस्ट करा. बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडू नका. आतल्या पत्र्याला भोक पडलं की गॅस निघून जातो, आणि हल्लीच्या अनेक फ्रीजमधला गॅस, आर-६००ए, ज्वलनशील असतो. सकाळी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दूध, शिजवलेलं अन्न, फ्रीझरमधलं सामान शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये हलवा. दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलं तर खाऊ नका. दाराचे कप्पे रिकामे करा.

नवं रबर टबात गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवा. पाणी उकळतं नको, हात घालवेल इतपतच. घड्या सुटतात, रबर लवचिक होतं. मग पूर्ण पुसून सपाट फरशीवर पसरा आणि जुन्या रबराच्या मापाशी ताडून बघा. जुनं काढण्याआधी ही शेवटची खात्री करायचीच. माप चुकलं असेल तर निदान जुनं रबर दारावर असतं.

खाचेचं रबर: एका वरच्या कोपऱ्यात कड पकडून हळूहळू खेचत जा, सगळं निघतं. रिकामी खाच टूथब्रशने घासा, पुसा, कोरडी करा. आता नवं रबर बसवताना आधी चारही कोपरे. एका बाजूने सुरुवात करून शेवटपर्यंत दाबत गेलात तर शेवटच्या कोपऱ्यात रबर उरतं किंवा ताणलं जातं. मी नेमकं तेच केलं होतं, सगळं काढून दुसऱ्यांदा बसवावं लागलं. कोपरे बसले की प्रत्येक बाजूचा मध्य दाबा, मग मधल्या जागा. व्यवस्थित बसल्यावर ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि कड हाताला एकसारखी लागते. शेवटी तळव्याने सगळीकडून दाबून घ्या.

स्क्रूचं रबर: सगळे स्क्रू एकदम काढू नका. आतलं प्लॅस्टिक सुटलं की दार पिळतं आणि मग कितीही चांगलं रबर लावा, दार बसत नाही. कड उचलून एका बाजूचे स्क्रू फक्त सैल करा, जुनी कड सरकवून काढा, नवी आत सरकवा, स्क्रू हलके आवळा आणि मग पुढची बाजू घ्या. चारही बाजू झाल्यावर दार लावून बघा, सरळ बसतंय का. बसत असेल तरच स्क्रू पक्के करा, तेही जोर लावून नव्हे; प्लॅस्टिक तडकतं.

आणि तो धोका. रबर नीट बसत नाही म्हणून फ्रीजच्या चौकटीत किंवा बाजूच्या पत्र्यात नवा स्क्रू मारू नका, ड्रिल तर मुळीच करू नका. मघाशी सांगितलेली गरम नळी त्या पत्र्यामागेच असते. तिला भोक पडलं तर पाचशे रुपयांच्या कामासाठी फ्रीजच गमावून बसाल. रबर डिंकाने किंवा फेव्हिक्विकने चिकटवणंही टाळा. पुढच्या वेळी ते सरळ निघणार नाही.

८. पहिले दोन दिवस

बसवल्या बसवल्या कोपऱ्यात थोडी फट दिसली तर निराश होऊ नका. नवं रबर चौकटीच्या आकारात यायला वेळ घेतं. फट असलेल्या जागी ड्रायर फिरवा, रबर बोटांनी बाहेर ओढा, दार लावून वरून चिकटपट्टी लावा आणि रात्रभर तसंच राहू द्या. बिजागरीच्या बाजूला रबर पत्र्यावर घासून दुमडतं, तिथे व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. जाड थर नको, धूळ धरते.

प्लग लावल्यावर आत सामान लगेच कोंबू नका, दोन-तीन तास रिकामा गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा चहूबाजूंनी नोटेने तपासा. सेलोटेपचे तुकडे अजून पत्र्यावर असतील तर नेमक्या त्याच जागा आधी बघा. तिथे नोट अडली की तुकडे काढून टाका.

फ्रीझरचा रोज एक फोटो काढून ठेवा. आमच्याकडे आठव्या दिवशीही ट्रेखाली नुसता पांढरा थर होता, बोटाने पुसला जाईल एवढाच. दोन आठवड्यांनीही बर्फ पूर्वीसारखाच चढत असेल तर मात्र दोष रबरात नाही. मग मेकॅनिकला बोलवा आणि त्याला स्पष्ट सांगा की रबर नवं आहे, नोट अडते आहे, थर्मोस्टॅट बघा.

जुनं रबर जाळू नका, ते पीव्हीसी प्लॅस्टिकचं असतं आणि त्याचा धूर फार वाईट. सुक्या कचऱ्यात वेगळं बांधून कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंकडे द्या आणि आत चुंबकाची पट्टी आहे हे त्यांना सांगा.